व्हर्च्युअल मशीनची डिस्क मंद का चालते आणि दोष कोणत्या थरात शोधावा

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची जुनी पद्धत बंद करून वर्गणीची पद्धत आणली. त्यानंतर अनेक संस्थांनी आपली व्हर्च्युअल मशीन लिनक्समधल्या केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या व्यवस्थांवर हलवायला घेतली. स्थलांतर पार पडते, मशीन चालू होते, आणि मग काम करणारी माणसे तक्रार घेऊन येतात: सर्व्हर तोच, एसएसडी तीच, विंडोज तेच, तरीही हिशेबाचा अहवाल निघायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये उबुंटू लिनक्स चालवणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचीही तक्रार याच जातीची असते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार मेमरी वाढवण्याचा किंवा अधिक वेगवान एसएसडी घेण्याचा असतो. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण डिस्क मंद नसते; डिस्कपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मंद असतो, आणि तो रस्ता अनेक थरांतून जातो. कोणता थर वेळ खातो आहे हे ओळखल्याशिवाय काहीही बदलू नये, एवढेच मला या लेखात सोदाहरण सांगायचे आहे.

## प्रोसेसर खरा, डिस्क नकली

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट, आणि दोघांच्या मध्ये बसून साधने वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय प्रोसेसरमध्येच दिल्यापासून गेस्टच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. त्यामुळे निव्वळ आकडेमोडीच्या कामात गेस्ट आणि होस्ट यांच्या वेगात फारसा फरक राहत नाही.

डिस्कचे तसे नाही. एका होस्टवर पाच गेस्ट असतील आणि प्रत्येकाला एकाच खऱ्या डिस्क-कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपवर, हुकूम चालवू दिला, तर ते एकमेकांची माहिती पुसून टाकतील. म्हणून गेस्टला जी डिस्क दिसते ती बहुधा होस्टवरची एक मोठी फाइल असते, आणि ती खऱ्या डिस्कसारखी वागावी यासाठी हायपरव्हायजर एका डिस्क-कंट्रोलरची सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब नक्कल करतो. या नकलेला डिव्हाइस एम्युलेशन म्हणतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये सुरू केलेला क्यूएमू हा प्रकल्प अशा नकलांचे मोठे भांडार आहे, आणि केव्हीएमवर चालणाऱ्या मशीनची उपकरणे सहसा हाच पुरवतो. वेगळे काही सांगितले नाही, तर पीसीसाठी तो आजही इंटेलच्या १९९६ च्या ४४०एफएक्स चिपसेटची आणि त्याच्या जोडीच्या आयडीई या जुन्या पद्धतीच्या डिस्क-कंट्रोलरची नक्कल करतो. यामागे आळस नाही. इतक्या जुन्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम, जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासूनच असतो. म्हणूनच कोणतेही मशीन कोठूनही आणले तरी ते निदान सुरू होते. सुरू होते, पण धावत नाही.

## नकलेत वेळ कुठे जातो

आयडीई डिस्कवरून काही वाचायचे असेल तर गेस्टचा ड्रायव्हर कंट्रोलरच्या वेगवेगळ्या रजिस्टरांत, म्हणजे छोट्या नोंदकप्प्यांत, किती सेक्टर (डिस्कवरचे ठरावीक आकाराचे कप्पे) हवे, पत्त्याचा पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग, कोणती डिस्क आणि शेवटी कोणती आज्ञा, असे तुकड्यातुकड्याने लिहितो. खऱ्या संगणकात हे चिपकडे जाणारे साधे विद्युतसंकेत असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये चिपच नसल्याने अशा प्रत्येक नोंदीला गेस्टचा प्रोसेसर थांबवावा लागतो. ताबा हायपरव्हायजरकडे जातो, तो नकली रजिस्टरात आकडा लिहितो आणि ताबा परत देतो. या थांब्याला व्हीएम एक्झिट म्हणतात. एका थांब्याला एखाद-दोन मायक्रोसेकंद, क्वचित त्याहून जास्त लागतात, आणि एका साध्या वाचनासाठी असे अनेक थांबे होतात.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कच्या काळात याची कोणाला झळ लागली नाही, कारण तबकडी अर्धी फिरून हवी ती जागा समोर यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद, म्हणजे ४००० मायक्रोसेकंद लागत. आजची चांगली एनव्हीएमई (एसएसडीसाठीच बनवलेल्या वेगवान जोडणीची) एसएसडी तेच वाचन १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास उरकते. डिस्क जितकी वेगवान, तितका नकलेचा वाटा एकूण वेळेत मोठा होत जातो. ‘नवी महागडी एसएसडी घातली तरी काही फरक नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

याहूनही मोठे नुकसान रांगेचे आहे. आयडीई पद्धतीत एका वेळी एकच मागणी देता येते. ती पूर्ण होईपर्यंत दुसरी मागणी ताटकळते. साटा डिस्कची एएचसीआय पद्धत ३२ मागण्या एकदम स्वीकारते, आणि एनव्हीएमईच्या मानकात तर हजारो रांगा आणि प्रत्येक रांगेत हजारो मागण्या ठेवण्याची सोय आहे. एसएसडीच्या आत अनेक फ्लॅश चिप समांतर काम करतात. तिचा वेग या समांतरतेतूनच येतो. तिला एका वेळी एकच काम दिले तर तिचा बहुतेक भाग रिकामा बसून राहतो.

## व्हर्टआयओने काय बदलले

रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००७ च्या सुमारास यावर जो उपाय मांडला त्याचे नाव व्हर्टआयओ. पुढे ओएसिस या मानक-संस्थेने त्याचे मानक तयार केले. यातली कल्पना अशी की गेस्टला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे उघड सांगावे आणि अस्तित्वात नसलेल्या चिपची नक्कल करण्याऐवजी दोघांना सोयीची नवी पद्धत ठरवावी.

महिन्याचा किराणा भरताना आपण दुकानात उभे राहून ‘अर्धा किलो तूरडाळ द्या’ असे म्हणून ती हाती येईपर्यंत थांबत नाही, आणि मग साखर, मग पोहे असे एकेक मागत नाही. सगळी यादी एकदम दुकानदाराला देतो. तो त्याच्या सोयीच्या क्रमाने माल काढतो, दिलेल्या वस्तूंवर खुणा करतो आणि सामान बांधून झाले की हाक मारतो. व्हर्टआयओमध्ये गेस्ट आणि होस्ट यांच्या सामाईक मेमरीत अशीच एक यादी असते. गेस्ट तिच्यात अनेक मागण्या लिहितो आणि एकदाच इशारा देतो. होस्ट कामे उरकून त्याच यादीत खुणा करतो आणि एकदाच कळवतो. प्रत्येक रजिस्टरासाठी होणारे थांबे गेले आणि एसएसडीला एकाच वेळी भरपूर काम मिळाले.

हीच कल्पना इतर ठिकाणी वेगळ्या नावांनी दिसते: व्हीएमवेअरमध्ये पीव्हीएससीएसआय, आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या दुसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये थेट बूट होणारी स्कझी डिस्क. स्थलांतरानंतरची मंदी समजून घ्यायची ती इथे. व्हीएमवेअरवर जे मशीन पीव्हीएससीएसआय वापरत होते, त्याच्यात व्हर्टआयओचा ड्रायव्हर बहुधा बसवलेला नसतो. ते सुरू तरी व्हावे म्हणून कोणीतरी आयडीई किंवा साटा निवडते, मशीन सुरू होते, आणि ती तात्पुरती निवड कायमची राहून जाते. म्हणून तपासाची पहिली पायरी कोणतेही माप घेण्याआधीची आहे: मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क कोणत्या बसवर, म्हणजे आयडीई, साटा की व्हर्टआयओ अशा कोणत्या जोडणीवर, आहे ते पाहावे.

## नुसती सेटिंग बदलली तर मशीन उठत का नाही

सेटिंगमध्ये आयडीईच्या जागी व्हर्टआयओ निवडले की विंडोज बहुधा निळा पडदा दाखवून थांबते. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, जुन्या भाषेत स्टॉप कोड ७बी. विंडोजच्या मूळ संचात व्हर्टआयओचा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे तिला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. अशा वेळी घाबरून पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नसते. सेटिंग जुन्यावर परत न्यावी, एक छोटी रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओ बसवर जोडावी, विंडोज चालू करून फेडोरा प्रकल्पाकडून मिळणाऱ्या व्हर्टआयओ-विन आयएसओमधले ड्रायव्हर बसवावेत, ती छोटी डिस्क विंडोजला दिसते आहे याची खात्री करावी, आणि मग मशीन बंद करून मुख्य डिस्कचा बस बदलावा. बूटचा क्रमही तपासावा, कारण बस बदलला की तो पुष्कळदा पुसला जातो.

लिनक्समध्ये ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे, तरी दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे डिस्कचे नाव एसडीएचे व्हीडीए होते. डिस्क जोडणीच्या एफएसटॅब फाइलमध्ये जुने नाव लिहिलेले असेल तर मशीन अडते, यूयूआयडी या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने लिहिलेले असेल तर काही होत नाही. दुसरी अडचण रेड हॅट घराण्यातल्या वितरणांत जास्त दिसते: तिथे सुरुवातीला लोड होणारी इनिटरॅमएफएस ही छोटी फाइल, ती तयार झाली तेव्हा समोर असलेल्या उपकरणांपुरतेच ड्रायव्हर घेऊन बनते. व्हीएमवेअरवर बनलेल्या फाइलमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर नसतो. म्हणून स्थलांतराच्या आधी, मशीन जुन्या घरात धडधाकट असतानाच, ती फाइल व्हर्टआयओसह पुन्हा बनवून ठेवावी.

## बस बदलूनही मंदच असेल तर

आता रस्त्यातला पुढचा थर, म्हणजे होस्टवरची ती मोठी फाइल. क्यूएमूचा क्यूकाउ२ हा फाइलप्रकार सोयीचा आहे: लागेल तेवढीच जागा घेतो, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊ देतो. त्यासाठी तो डिस्कचे ६४ किलोबाइटचे तुकडे पाडतो आणि कोणता तुकडा फाइलमध्ये कुठे आहे याची सूची ठेवतो. सूचीतली प्रत्येक नोंद ८ बाइटची असते. सूचीचा लागणारा भाग मेमरीत असेल तर काम झटपट होते, नसेल तर एका वाचनासाठी आधी सूचीचे वाचन करावे लागते. क्यूएमूच्या ३.१ आवृत्तीपूर्वी या सूचीसाठी मूळ सेटिंगमध्ये १ मेगाबाइट मेमरी राखलेली असे. तिच्यात १,३१,०७२ नोंदी मावतात, म्हणजे फक्त ८ गिगाबाइट डिस्कचा हिशेब. नंतर लिनक्सवर ही मर्यादा ३२ मेगाबाइट, म्हणजे २५६ गिगाबाइट डिस्कपुरती झाली. १ टेराबाइटच्या डिस्कवर सगळीकडे विखुरलेले काम करणाऱ्या डेटाबेसला पूर्ण सूचीसाठी १२८ मेगाबाइट लागतील. तेवढी मेमरी देणे आजच्या सर्व्हरला मुळीच जड नाही, पण ते मुद्दाम सांगावे लागते.

स्नॅपशॉटांची साखळी हा दुसरा सावकाश वाढणारा आजार आहे. प्रत्येक स्नॅपशॉटगणिक वर एक नवी फाइल येते अशा पद्धतीत, वरच्या फाइलमध्ये नसलेली माहिती शोधायला खालच्या फाइलींत उतरावे लागते, आणि जुन्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहिताना तो आधी वर आणावा लागतो. ‘अपडेटच्या आधी घेतलेला’ स्नॅपशॉट वर्षभर तसाच राहिलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. तो बॅकअपही नव्हे. मूळ फाइल बिघडली की त्याच्यासह सगळेच जाते.

होस्टची फाइलसिस्टिमही याच पद्धतीची, म्हणजे जुन्यावर न लिहिता प्रत्येक वेळी नव्या जागी लिहिणारी, असेल तर तेच काम दोनदा होते. लिनक्सच्या बीटीआरएफएस या अशाच फाइलसिस्टिमवर ठेवलेली व्हर्च्युअल डिस्क कालांतराने हजारो तुकड्यांत विखुरते. त्या फोल्डरसाठी ही पद्धत बंद करता येते, मात्र फाइल तयार होण्याआधी. नंतर केलेला बदल जुन्या फाइलला लागू होत नाही, आणि त्या फोल्डरमधल्या माहितीचे चेकसम संरक्षणही, म्हणजे माहिती बिघडली तर ओळखण्याची सोयही, सोडावी लागते.

लॅपटॉपवाल्यांची कारणे वेगळी असतात. विंडोजमध्ये हायपर-व्ही किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सोय थेट मिळत नाही. खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चिन्ह दिसले की हेच घडते आहे असे समजावे. होस्टवरचा अँटिव्हायरस व्हर्च्युअल डिस्कची फाइल तपासत बसलेला असण्याचीही शक्यता असते. तेवढा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळावा.

## कॅशची सेटिंग: वेग आणि खात्री

इंटरनेटवरचे झटपट सल्ले इथे सर्वांत जास्त नुकसान करतात. डेटाबेस एखादा व्यवहार नोंदवतो तेव्हा ‘हे खरोखर डिस्कवर उतरले ना?’ असे विचारून उत्तराची वाट पाहतो. या विचारण्याला फ्लश म्हणतात. ‘राइटबॅक’ पद्धतीत लिहिलेली माहिती आधी होस्टच्या मेमरीत राहते, पण फ्लश आला की प्रामाणिकपणे डिस्कवर उतरवली जाते. ‘नन’ पद्धतीत होस्टची मेमरी वगळून काम थेट डिस्ककडे जाते. गेस्ट स्वतःची कॅश, म्हणजे लागणाऱ्या माहितीची मेमरीतली प्रत, ठेवतोच, तेव्हा तीच माहिती दोनदा साठत नाही, आणि सर्व्हरसाठी मी हीच पद्धत सुचवीन. ‘राइटथ्रू’मध्ये प्रत्येक लेखन डिस्कवर उतरेपर्यंत थांबावे लागते, ती सुरक्षित पण मंद आहे.

चौथी पद्धत ‘अनसेफ’. तिच्यात फ्लशकडे दुर्लक्ष करून ‘हो, उतरले’ असे उत्तर दिले जाते. मापनात आकडे झपाट्याने वाढतात. मात्र होस्टची वीज गेली की डेटाबेसला पूर्ण झालेले वाटणारे व्यवहार नाहीसे होतात, आणि अख्खी फाइलसिस्टिम बिघडू शकते. नवे मशीन इन्स्टॉल करताना किंवा चाचणी करून टाकून द्यायच्या मशीनसाठी ही पद्धत योग्य आहे. पगारपत्रक, रुग्णांच्या नोंदी, पतसंस्थेचे खाते असलेल्या मशीनवर ती कोणत्याही कारणाने लावू नये.

‘पण मग फ्लशमुळे येणारी मंदी सोसायचीच का?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर खऱ्या डिस्कच्या निवडीत आहे. सर्व्हरसाठी बनवलेल्या अनेक एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातले काम पुरे करण्याइतकी ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात, म्हणून त्या फ्लशला ताबडतोब आणि खरे उत्तर देऊ शकतात. घरगुती एसएसडीला प्रत्येक फ्लशला माहिती फ्लॅशवर उतरवावी लागते. जाहिरातीतले आकडे सारखे दिसणाऱ्या दोन डिस्कांमध्ये डेटाबेसच्या कामात मोठा फरक पडतो तो यामुळे. इथे मात्र नवी डिस्क घेणे खरोखर उपयोगी ठरते.

## मोजमाप कसे करावे

मोठी फाइल कॉपी करून वेग पाहणे ही सर्वांत फसवी चाचणी आहे. ती सलग वाचन-लेखनाचा वेग दाखवते. लोकांना जाचते ती लहान, विखुरलेल्या कामांची दिरंगाई. लिनक्समध्ये एफआयओ या साधनाने ४ किलोबाइटचे विखुरलेले वाचन आणि लेखन, कॅश वगळण्याचा पर्याय चालू ठेवून, आधी होस्टवर आणि मग तसेच गेस्टमध्ये मोजावे. साटा जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला ६०० मेगाबाइट आहे. साटा एसएसडीवर मापनात त्याहून मोठा आकडा आला तर आपण डिस्क नव्हे, मेमरी मोजत आहोत.

चालू मशीनवर आयओस्टॅट या साधनातला अवेट हा आकडा पाहावा. एका मागणीला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते तो सांगतो. गेस्टमध्ये तो २० दिसतो आणि त्याच क्षणी होस्टवर अर्धा मिलिसेकंद, तर वेळ मधल्या थरांत जातो आहे: बस, फाइलप्रकार, स्नॅपशॉट. दोन्हीकडे २० असेल तर खरी डिस्कच दमली आहे, किंवा शेजारचे एखादे मशीन बॅकअप घेत तिला व्यापून बसले आहे. गेस्टमधल्या टॉप या साधनात स्टील हा आकडा मोठा असेल तर दोष डिस्कचा नाहीच. गेस्टला प्रोसेसरच वेळेवर मिळत नाही. केव्हीएमवर अनेक डिस्क एकदम राबत असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र आयओथ्रेड, म्हणजे फक्त तिचे काम करणारा धागा, द्यावा, कारण नाहीतर क्यूएमूचा एकच मुख्य धागा सगळ्यांचे काम उपसत राहतो. बदल एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे. एकदम चार गोष्टी बदलणाऱ्याला कशाने गुण आला हे कळत नाही.

क्लाउडवर होस्ट आपल्या हाती नसतो, पण तिथे मर्यादा लेखी असतात. ॲमेझॉनच्या जीपी२ डिस्कला प्रत्येक गिगाबाइटमागे सेकंदाला ३ कामे मिळतात. १०० गिगाबाइटच्या डिस्कला ३००. साठलेल्या जमेवर ती काही काळ ३००० पर्यंत जाते, आणि सतत पूर्ण वेगाने वापरली तर ही जमा साधारण अर्ध्या तासात संपते. काम सुरू करताना वेगवान आणि थोड्या वेळाने अचानक मंद, असा नमुना दिसला तर हेच कारण समजावे. जीपी३ मध्ये आकार कितीही असला तरी किमान ३००० कामे मिळतात.

## चालते आहे तर जुनी नक्कल ठेवली म्हणून काय बिघडले

हा आक्षेप रास्त आहे, कारण सगळ्याच मशीनना वेग लागत नाही. पण नक्कल म्हणजे होस्टवर चालणारा प्रोग्राम, आणि प्रत्येक प्रोग्रामात चुका असू शकतात. मे २०१५ मध्ये क्राउडस्ट्राइकचे संशोधक जेसन गेफ्नर यांनी उघड केलेला व्हेनम हा दोष क्यूएमूच्या फ्लॉपी-कंट्रोलरच्या नकलेत होता. तो २००४ पासून तिथे होता, आणि त्यातून गेस्टमधला हल्लेखोर होस्टवर पोहोचू शकत होता. ज्या उपकरणाची कोणालाच गरज उरली नव्हती, त्याने इतक्या यंत्रणा धोक्यात आणल्या. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या फायरक्रॅकर या हायपरव्हायजरमध्ये याचसाठी मोजकीच उपकरणे ठेवली होती: व्हर्टआयओचे नेटवर्क, डिस्क आणि होस्टशी बोलण्याचा सॉकेट, एक सिरियल कन्सोल, आणि मशीन बंद करण्यापुरता कीबोर्ड-कंट्रोलर. आपल्या मशीनमधूनही न लागणारी फ्लॉपी, साउंड कार्ड आणि रिकामी सीडी काढून टाकावी.

एखाद्या कारखान्यातल्या यंत्राचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालते, अशा ठिकाणी जुनी नक्कल ठेवणे हाच शहाणपणा आहे, पण तिथेही एक सुधारणा राहते. एक्सपी आपले पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला स्वतःचा भाग, ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, त्यामुळे आजच्या ४ किलोबाइटच्या सेक्टरांशी ते जुळत नाही आणि ४ किलोबाइटचे एक लेखन दोन सेक्टरांवर सांडते. व्हिस्टापासून पुढे पार्टिशन १ मेगाबाइटवर सुरू होत असल्याने हा प्रश्न नाही. एक्सपीचे मशीन बंद करून, डिस्कच्या फाइलची प्रत बाजूला ठेवून, पार्टिशन हलवणाऱ्या जीपार्टेड या प्रोग्रामच्या आयएसओवरून बूट करावे आणि पार्टिशन १ मेगाबाइटच्या सीमेवर सरकवावे. त्यानंतर विंडोज सुरू झाले नाही, तर एक्सपीच्या मूळ सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमधून बूटची नोंद दुरुस्त करता येते, म्हणून ती सीडी किंवा तिची आयएसओ आधीच हाताशी असावी.